‘बेर्न’ हा शब्द आपण कुणाला दिलेला नाही

स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तर भागात लेकराला ‘बेर्न’ म्हणतात. या एका शब्दावरून रचलेला लांबलचक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बेर्न म्हणजे संस्कृत ‘भ्रूण’. कंपनी सरकारच्या फौजेतल्या स्कॉटिश शिपायांनी तो इथून उचलला. इंग्रजीत धान्याच्या कोठाराला ‘बार्न’ म्हणतात, तेही आपल्या ‘भरणे’वरून. कंपनीच्या काळात कोलकात्यात न्यायाधीश असलेले भाषापंडित सर विल्यम जोन्स यांनी तर संस्कृतला सगळ्या भाषांची आई म्हणून कबूलच केलंय. आणि शेवटी, या रानटी लोकांकडे पोटच्या पोराला हाक मारायलाही शब्द नव्हता, तो आपण दिला.

माझ्या थोरल्या भावानं हे सगळं इंग्रजीत करून ॲबर्डीनच्या आमच्या व्याह्यांना पाठवलं. त्यांच्या घरी नुकताच नातू झालाय आणि त्याला ते बेर्नच म्हणतात. आता गप्प बसवत नाही.

आधी ते शेवटचं वाक्य, कारण सगळ्यात वाईट तेच आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी इथल्या मठात कॅडमन नावाचा गुराखी होता. त्यानं रचलेलं नऊ ओळींचं स्तोत्र ही इंग्रजीतली सर्वांत जुनी कविता मानली जाते. बीड नावाच्या इंग्रज भिक्षूच्या इतिहासग्रंथाची ७३७च्या सुमाराची एक हस्तलिखित प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्या अगदी शेवटच्या पानावर हे स्तोत्र उत्तरेकडच्या बोलीत उतरवलेलं आहे. त्यात शब्द येतात ‘एल्डा बार्नुम’. अर्थ, ‘माणसांच्या लेकरांसाठी’. देवानं माणसांच्या लेकरांसाठी आधी आभाळाचं छप्पर घडवलं, असं कॅडमन म्हणतो. हा ‘बार्न’ म्हणजेच आजचा बेर्न. व्हिटबी त्या वेळी ज्या नॉर्थम्ब्रिया राज्यात होतं, त्यात एडिंबराच्या आसपासचा मुलूखही होता आणि स्कॉट्स भाषा तिथल्याच बोलीतून वाढली. व्याह्यांच्या तोंडचा शब्द त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांचा आहे, तेराशे वर्षं लेखी पुराव्यासह.

ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. म्हणजे ज्या शिपायांनी शब्द नेला म्हणता, ते जन्मायच्या आठशेहून जास्त वर्षं आधी तो कागदावर, खरं तर चामड्यावर, लिहिलेला होता. खोटं सांगताना निदान सनावळ्या तरी बघाव्यात!

आणि हा शब्द एकट्या स्कॉटलंडचा नाहीच. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्यांत मूल म्हणजे ‘बार्न’. स्वीडिशमध्ये नातवंडाला ‘बार्नबार्न’ म्हणतात, मुलाचं मूल. नेदरलँड्समधल्या फ्रिजियनमध्ये ‘बेर्न’. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं बायबल गॉथिक या आता लुप्त झालेल्या भाषेत आणलं, त्यातही गव्हाणीत ठेवलेल्या बाळ येशूला ‘बार्न’च म्हटलंय. ही सगळी मंडळी आपल्याकडून शब्द कधी आणि कुठल्या वाटेनं घेऊन गेली, हे मेसेजवाल्यानं सांगावं.

‘भ्रूण’ अर्थानंही बसत नाही. भ्रूण म्हणजे प्रामुख्यानं पोटातला गर्भ. बार्न म्हणजे जन्माला आलेलं मूल, आणि जुन्या इंग्रजी काव्यात तर हातात तलवार घेतलेला मोठा मुलगासुद्धा बापाचा ‘बेआर्न’ असतो.

कोठाराची गोष्ट एका ओळीत संपते. धान्याचं ‘बार्न’ हा निराळाच शब्द, ‘बेरे’ म्हणजे जव आणि ‘एर्न’ म्हणजे घर, या दोन जुन्या इंग्रजी शब्दांचा झिजून झालेला. ऑर्कनी बेटांवर बेरे नावाचं जव आजही पिकतं, त्याच्या पिठाच्या भाकऱ्या खातात. ‘भरणे’ इथे कुठेही नाही.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल, मेसेजवाल्याला श्रेय द्यायची इच्छा नसली तरी. बार्न ज्या क्रियापदावरून आला त्याचे अर्थ वाहणे आणि प्रसवणे. इंग्रजीत ते ‘बेअर’, आणि त्याचं संस्कृतातलं भावंड म्हणजे ‘भृ’ धातू, ज्यावरून आपले भार, भरण, भर्ता आले. नातं आहे आणि ते खरं आहे. पण ते भावंडांचं आहे. संस्कृतात भ असतो तिथे जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, स्वीडिश, गॉथिक यांच्या घराण्यात, नेमानं ब येतो: भ्रातृ–ब्रदर, भ्रू–ब्राउ. प तिथे फ: पितृ–फादर, पद–फूट. द तिथे ट: दंत–टूथ, दश–टेन. हे नियम जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडले. उसना घेतलेला शब्द अशा शिस्तीत बदलत नाही, हजारो वर्षं वेगळ्या घरात वाढलेला बदलतो.

जोन्स यांचं वाक्य तर अर्धं कापलंय. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत त्यांनी संस्कृतची तोंडभरून स्तुती केली, हे खरं. पण त्याच दमात ते म्हणाले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज उरलेला नाही. आई हरवली आहे, असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण ‘आई संस्कृत’ घालतोय. संस्कृतच्या अभिमानासाठी त्या भाषणातली खरी स्तुती पुरेशी होती, तिला खोटी शेपटी कशाला लावायची?

मराठीनं इंग्रजीला दिलेला शब्दच व्याह्यांना पाठवायचा असेल, तर दादानं ‘मुंगूस’ पाठवावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी पुस्तकात उतरला आणि आज तिथे ‘मंगूस’ म्हणून सुखानं नांदतो.