‘चाळीस वर्षांत काही झालं नाही’: एका जुन्या खेळाडूच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘एक जुना खेळाडू’ एवढीच सही करून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. काढा असं दोघातिघांनी सुचवलं, पण काढण्यासारखं तिच्यात काही नाही. तुम्ही चिडून लिहिलंय, तरी मुद्द्याला धरून लिहिलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की जिथे मुलं खेळायला येतात अशा प्रत्येक बुद्धिबळ मंडळाने चार गोष्टी ठराव करून पाळाव्यात. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्या मोठ्या माणसाने बसायचं नाही. मुलांना परस्पर खासगी मेसेज करायचे नाहीत. शिकवणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करायची. आणि काही खटकलं तर कुणाला सांगायचं, त्या दोन व्यक्तींची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावायचे. यावर तुमचं म्हणणं असं: आमच्या मंडळात चाळीस वर्षांत असं काही झालेलं नाही, ही परदेशी खुळं आहेत, फुकट शिकवणारे निवृत्त लोक यामुळे दुखावून घरी बसतील, एखाद्या पोराने रागाच्या भरात खोटा आळ घेतला तर त्या माणसाने काय करायचं, आणि म्हणून तक्रार आलीच तर आधी मंडळातल्या चार जाणत्यांनी शहानिशा करावी, पोलिसांचं मग बघू. शिवाय एक स्कूटरचा प्रश्न. तो शेवटी घेते.

आधी शहानिशेचं बोलू, कारण बाकीच्या मुद्द्यांवर तुमचं-माझं मत वेगळं असलं तरी चालेल. इथे तसं नाही.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या कुणावरही लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला समजलं, किंवा होईल अशी भीती वाटली, त्याने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. यात अध्यक्ष आले, दुसऱ्या मुलाची आई आली, हॉलची किल्ली सांभाळणारा शिपाईही आला. ‘आधी खात्री करून घ्या’ असं त्या कलमात कुठेही नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण कळवलं नाही तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे कागदावरच राहतं असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातलं मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण आठवत असेल. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असं बजावलं. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला, ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

कायदा क्षणभर बाजूला ठेवा आणि तुमची ती शहानिशा डोळ्यांसमोर आणा. मंडळाचं ऑफिस म्हणजे पट आणि घड्याळं ठेवलेलं एक कपाट, एक टेबल आणि चार-पाच खुर्च्या. समोर अध्यक्ष, सचिव, खजिनदार. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्या सरांशी तिघांचीही अनेक वर्षांची ऊठबस. टेबलाच्या अलीकडे अकरा-बारा वर्षांचा मुलगा, शेजारी त्याचे वडील, ज्यांना या मंडळातूनच मुलाची निवड जिल्ह्याच्या संघात व्हायला हवी आहे. ‘बाळा, नीट आठवून सांग, सरांनी सहज तर हात ठेवला नसेल?’ तिसऱ्यांदा असं विचारल्यावर ते मूल ‘हो, सहजच असेल’ म्हणतं, आणि इतिवृत्तात ‘गैरसमज दूर झाला’ अशी ओळ पडते. पुढे कधी पोलीस आले तरी त्या मुलाच्या पहिल्या बोलण्यावर या बैठकीचा थर बसलेला असतो.

म्हणून मंडळाचं काम फार थोडं आहे. मूल जे सांगतं ते मध्ये न तोडता ऐकायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. त्याचेच शब्द तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे. मग पोलिसांना कळवायचं. फोन करायचा तर ११२ आहे, मुलांसाठीची १०९८ आहे. निकाल लागेपर्यंत त्या व्यक्तीला मुलांपासून लांब ठेवायचं. आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मुलाबद्दल अवाक्षर लिहायचं नाही, त्याची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. पोलीस म्हटलं की आपल्याकडे आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, ते समजू शकते. पण याच कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा असं लिहिलंय, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायची मनाई आहे. पालकांना हे आधीच माहीत असेल तर ते गप्प बसण्याची शक्यता कमी होते.

खोट्या तक्रारीची तुमची भीती मी उडवून लावत नाही. मोठ्या माणसाने दुष्ट हेतूने खोटी तक्रार केली तर कलम २२ मध्ये शिक्षा आहे. मुलाला मात्र शिक्षा नाही, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. पण निरपराध शिक्षकाला खरं संरक्षण कोर्टाच्या कितीतरी आधी मिळतं, ते मी सुचवलेल्या पहिल्या नियमाने. दार उघडं होतं, शेजारच्या टेबलावर दुसरं मोठं माणूस होतं, मेसेज सगळे पालकांच्या ग्रुपवर होते, तर आळ टिकणार कशावर? बंद खोलीत एकास एक शिकवणाऱ्या सज्जनाजवळ स्वतःच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नसतो.

निवृत्तांच्या मनाबद्दल. आपल्याकडचं बुद्धिबळ अशा फुकट वेळ देणाऱ्या माणसांनीच उभं केलंय, सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांपासून गल्लीबोळातल्या अनामिकांपर्यंत. ते मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. यातले कितीतरी जण बँकेतून निवृत्त झालेले. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागून असतात, म्हणून तुमच्यापैकी कुणी कधी मॅनेजरवर रुसलं होतं का? उलट एकट्याच्या हाती दोन्ही किल्ल्या दिल्या असत्या तर तुम्हीच नको म्हणाला असता.

पडताळणीचं म्हणाल तर ती माझी हौस नाही. पॉक्सोचे २०२० चे नियम शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचंही नाव घेऊन सांगतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने व्हायला हवी, आणि त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला हवं. फुकट शिकवणारा कर्मचारी ठरतो की नाही यावर वकील वाद घालतील. मुलाच्या दृष्टीने दोघेही ‘सर’च. तरी एक कबूल करते, चार नियमांत सगळ्यात लंगडा हाच आहे. पडताळणीत फक्त आधी नोंद झालेली माणसं सापडतात. तेवढा एक दाखला फायलीत लावून निर्धास्त झालेल्या मंडळापेक्षा दाखला नसलेलं पण दार उघडं ठेवणारं मंडळ मला जास्त सुरक्षित वाटतं.

‘चाळीस वर्षांत काही झालं नाही’ याला माझं उत्तर छोटं आहे. चाळीस वर्षांत तक्रार आली नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, बहुतेकांनी त्याआधी कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत तर पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी ओळखीचेच निघतात. तुमच्या मंडळात असं घडलंच असेल असं मी म्हणत नाही. घडलं असतं तर कळलं असतं, हे गृहीतक मात्र मला मान्य नाही.

परदेशी खुळाबद्दल: परदेशांनाही हे शहाणपण फार उशिरा सुचतंय. २०२३ मध्ये अमेरिकेची दोन वेळची महिला विजेती जेनिफर शहादे हिने एका नामवंत ग्रँडमास्टर प्रशिक्षकाने लैंगिक अत्याचार केल्याचं जाहीरपणे लिहिलं, तेव्हा कुठे तिथल्या संस्था हलल्या. आधी तक्रारी होऊनही संस्था गप्प राहिल्या, म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाने अमेरिकन बुद्धिबळ संघटनेशी आणि सेंट लुईसच्या क्लबशी संबंध तोडले. तिथेही सगळे जाणतेच होते.

आता आपल्या खेळाचं वेगळेपण, जे मागच्या लेखात नीट मांडायचं राहिलं. क्रिकेटच्या मैदानाला कुंपणाबाहेर उभं राहून बघता येतं. बुद्धिबळाच्या हॉलचं दार फेरी सुरू झाली की बंद. पालक बाहेर, मोबाइलही बाहेर, आणि आत नऊ वर्षांची मुलगी साठीच्या गृहस्थासमोर तीन-चार तास. मुलं आणि मोठे एकाच गटात, एकाच पटावर समोरासमोर बसतात, असे खेळ फार नाहीत. ही बुद्धिबळाची शान आहे आणि ती जावी असं मला अजिबात वाटत नाही. पण मग पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जाताना मुलांवर लक्ष ठेवणारी एक स्वयंसेविका आत हवी. एवढंच. कॉपीच्या संशयावरून अंगझडती घ्यायची वेळ आली तर ती खेळाडूच्याच लिंगाच्या व्यक्तीने, खासगीत घ्यायची, हे फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, नियमावलीत ११.३.३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. हे वाचून तुमच्या स्पर्धेतल्या आर्बिटरांच्या, म्हणजे पंचांच्या, यादीवर एकदा नजर टाका आणि त्यात बाई किती आहेत ते पाहा.

मी स्वतः आर्बिटर म्हणून हॉलच्या दाराशी उभी राहते, तेव्हा वारंवार दिसतं ते वेगळंच आहे. मूल बाहेर येतं. वडील त्याच्या हातातली नोंदपत्रिका ओढून घेतात, चाली वाचतात आणि ‘हत्ती फुकट घातलास!’ म्हणत सगळ्यांदेखत कानाखाली वाजवतात. बाकीचे पालक मोबाइलमध्ये डोकं घालतात. पुढच्या फेरीत ते मूल हरायला आल्यावर पटाकडे बघत नाही, दाराकडे बघत बसतं. बालसुरक्षा म्हटलं की तुम्ही एकदम लैंगिक गुन्ह्यावर आणि पोलिसांवर जाता. माझ्या यादीत हेही आहे. आमच्याकडे प्रवेशअर्जावरच छापलंय की स्पर्धेच्या आवारात मुलावर हात उगारणाऱ्या पालकाला बाहेर काढलं जाईल. दोघांना काढलंय. एकाने पुष्कळ आरडाओरडा केला, तरी पुढच्या स्पर्धेला मुलाला घेऊन आला, आणि गप्प बसला.

मोठ्या सभासदांचं काय, असं तुम्ही खोचकपणे विचारलंय. बरोबर विचारलंय. महिलांसाठीच्या २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था आणि स्पर्धेची जागाही येते. जिथे १० पेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तक्रारीला साधारण ३ महिन्यांची मुदत असते. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने लिहिलं होतं की नेदरलँड्समधल्या स्पर्धेत प्रेक्षकांचं लक्ष तिच्या चालींपेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांच्यावरच होतं. तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी तिने महिला विश्वचषक जिंकला. विश्वचषक न जिंकणाऱ्या मुली मात्र चौदा-पंधराव्या वर्षी मंडळात यायच्या बंद होतात. आपण म्हणतो, ‘दहावी आली ना.’ दर वेळी दहावीच असते असं मला वाटत नाही.

राहता राहिली स्कूटर. ‘पाऊस कोसळतोय, आठ वाजले, मुलीला न्यायला कुणी आलं नाही. तिला घरी सोडायचं नाही का?’ तुम्ही टोमणा म्हणून विचारलंत, पण अशी वेळ खरोखर येते. आमची पद्धत अशी. प्रवेशअर्जावर पालकांशिवाय आणखी एका नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर घेतो, आणि किल्ली परत करायला नेहमी दोघं थांबतो. आधी आईवडिलांना फोन, मग त्या दुसऱ्या नंबरला. तोवर तिघंही हॉलच्या दिव्याखाली, दार उघडं ठेवून बसतो, बहुतेक वेळा एखादा ब्लिट्झचा, म्हणजे झटपट बुद्धिबळाचा, डाव होतो. कुणीच येऊ शकत नसेल तर पालकांकडून ग्रुपवर ‘सोडा’ असा मेसेज घेतो आणि दोघं मिळून रिक्षाने सोडतो. रिक्षाचं भाडं मंडळाच्या खात्यातून. खजिनदार कुरकुरतात, पण व्हाउचरवर सही करतात.