आधी 3 लाख घाला, मगच ट्रायलला या?

‘थार, जिम्नी, जिप्सी कंपनीतून आली तशी ट्रायलला नेऊ नका. आधी 3 इंच लिफ्ट (गाडी उंच करणारे किट), मोठे मड टायर (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर), विंच (अडकलेली गाडी ओढायची दोराची चरखी), स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी). नाहीतर गाडी अडकेल किंवा मोडेल.’ नागपुरात फोर बाय फोर घेतली की हा सल्ला कोणी ना कोणी फॉरवर्ड करतोच. परिणाम असा की ज्याच्याकडे पैसे नाहीत तो घरी बसतो, आणि ज्याच्याकडे आहेत तो चालवायला शिकण्याआधीच गाडीचा तोल बिघडवून ठेवतो. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

मुळात ट्रायल म्हणजे शर्यत नाही. शेतात किंवा मुरमाच्या खदानीत जोडी-जोडीने काठ्या रोवून दरवाजे केलेले असतात आणि त्यांतून गाडी न थांबवता काढायची असते. ब्रिटनमध्ये रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाड्यांसाठी ‘आरटीव्ही’ (रोड टॅक्स्ड व्हेइकल) नावाचा वेगळा ट्रायल प्रकारच आहे. पहिल्याच दरवाजात अडकलात तर सर्वांत जास्त दंडगुण, पुढे जाल तसे कमी, सगळे दरवाजे पार केले तर शून्य. काठीला गाडी लागली किंवा गाडी थांबली की तो सेक्शन, म्हणजे दरवाजांचा तो टप्पा, तिथेच संपतो. वेळ मोजली जात नाही, त्यामुळे ‘जो रेस दाबेल तो जिंकेल’ हेही इथे लागू पडत नाही.

आता लिफ्ट. जिम्नी आणि जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असतो, थारला मागे. लिफ्ट किटने बॉडी आणि चासी वर जाते. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा होता तिथेच राहतो, कारण तो फक्त टायरच्या उंचीने वर जातो. दगडावर तर आधी तोच टेकतो. लिफ्टने पुढचा-मागचा कोन (बंपर न घासता किती उभ्या चढावर चढता-उतरता येते तो) आणि पोटाखालची जागा वाढते हे खरे. पण 3-डोअर थारचा पुढचा कोन मुळातच 41 अंशांच्या वर आहे आणि ग्राउंड क्लिअरन्स 226 मिमी. नवशिक्यांच्या सेक्शनला तेवढे पुरते. उलट उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि आडव्या उतारावर, शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) तिरके जाताना, गाडी उलटण्याची भीती वाढते.

मोठ्या टायरचाही हिशेब करून बघा. जिम्नीचा 195/80 आर15 टायर साधारण 693 मिमी व्यासाचा. त्याजागी 235/75 आर15 घातला तर व्यास 733 मिमीच्या आसपास जातो. क्लिअरन्स वाढला फक्त 20 मिमी, पण गिअर जवळपास 6 टक्क्यांनी ‘लांब’ झाला. म्हणजे लो रेंजच्या (फोर बाय फोरमधल्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरच्या) पहिल्या गिअरमध्येही गाडी जास्त वेगाने सरकणार, आणि अरुंद दरवाजात चालकाचा पाय हाफ क्लचवर राहणार. क्लच प्लेट जळते ती अशी.

‘मड टायरशिवाय काळ्या मातीत पाऊल टाकू नका’ हा मुद्दा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडची माती वेगळी. पाऊस चालू असताना काळी माती घसरते. उघडीप मिळून दोन दिवस झाले की ती चिकटते, आणि ट्रायलला हीच अवस्था सर्वांत वाईट. मड टायरच्या रुंद खाचा चिखल बाहेर फेकतात खऱ्या, पण त्यासाठी चाक वेगाने फिरावे लागते. ट्रायलमध्ये गाडी चालते माणसाच्या पावलाने. त्या वेगात मड टायरच्या खाचाही बुजतात आणि कंपनीच्या टायरच्याही. म्हणून आधी हवा कमी करा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या दाबावरून, जो बहुधा 30 पीएसआयच्या आसपास असतो, 18 ते 20 वर आणा. टायर लांबट पसरतो, जमिनीवरची पकड वाढते. 15 च्या खाली जाऊ नका. बाजूने जोर आला की टायर रिमवरून निघतो. मुरमाच्या खडकाळ चढावर लो रेंजचा पहिला गिअर, चिकट मातीत दुसरा आणि थोडी जास्त रेस. पकड सुटतेय असे वाटले की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवा. टायरच्या कडा नवी माती पकडतात. अंगठे मात्र स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाने चाक फटकन वळले तर मोडतात. परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायलाच हवी. 45 अंशांच्या उन्हात कमी हवेवर वर्धा रोडने पळवलेला टायर कडेने तापून फुटतो. हवेचा दाब मोजणारा एक गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर, हीच खरी पहिली खरेदी.

‘डिफ लॉक नसेल तर एक चाक उचलले की संपले.’ डिफ लॉक म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप. जुन्या जिप्सीबाबत हे बरेचसे खरे आहे. नव्या जिम्नीत आणि थारमध्ये हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवणारी यंत्रणा असते. ती लागू व्हायला एक-दोन क्षण जातात. चाक फिरताना दिसले की घाबरून लोक नेमका तेव्हाच पाय काढतात. रेस स्थिर ठेवा, कटकट आवाज येईल, गाडी निघेल.

विंचचा विषय थोडक्यात. गाडी थांबली की सेक्शन संपला. विंच लावून तो परत सुरू होत नाही. तुम्हाला ओढायला आयोजकांची गाडी असते. तुमच्याकडे हवा पुढे-मागे चासीला पक्का बसवलेला टो हुक, एक कायनेटिक (ताणला जाणारा) दोर आणि 4.75 टनी दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या). ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही लावू नका. गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो.

स्नॉर्कलचेही तेच. नव्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता 650 मिमी सांगितली आहे. नवशिक्याने वाहत्या नाल्यात जायचेच नाही, आणि साचलेले पाणी आधी काठीने मोजायचे. पाण्यात इंजिन बंद पडले तर सेल्फ मारू नका, ओढून बाहेर काढा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

या फॉरवर्डमध्ये कायद्याचा शब्दही नसतो, याची जास्त चीड येते. नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विम्याची अटही वाचा: ‘ऑर्गनाइज्ड रेसिंग’ आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल्स’ साध्या पॉलिसीतून वगळलेल्या असतात. आणि सरावासाठी मालकाची परवानगी घेतलेली खाजगी जमीन किंवा बंद खदानच निवडा, उमरेड-कऱ्हांडला किंवा बोर अभयारण्याच्या बाजूचे जंगल नाही.

राहिला ‘गाडी मोडेल’ हा धाक. मोडते ती बहुतेक न काढलेल्या वस्तूंमुळे. साइड स्टेप उतरवा, चिखल-पट्ट्या वर बांधा, सुटी वस्तू आत ठेवू नका, बॅटरीची क्लिप घट्ट करा. चढ पूर्ण झाला नाही तर वळवू नका: ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, मग हळू ब्रेक सोडून सरळ मागे उतरा. संध्याकाळी पाण्याच्या जोराने रिमच्या आतला चिखल काढा. तो तिथे सुकला की चाकाचा तोल जातो आणि घरी जाताना 60 च्या पुढे स्टिअरिंग थरथरते. लोक सस्पेन्शन गेले समजून गॅरेजला धावतात. दुसऱ्या दिवशी डिफचे तेल थोडे काढून बघा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे: तेल बदला आणि ब्रीदरची (डिफमधली हवा आत-बाहेर जाण्याची) नळी साफ करा.