डोंगरातला शेवटचा दिवस आणि राहून गेलेले पॉइंट

डोंगरात फिरायला गेलेल्या बहुतेक मंडळींचा शेवटचा दिवस हिशेबात जातो. आदल्या रात्री यादी बाहेर निघते, कोणता धबधबा राहिला आणि कोणता पॉइंट ढगांमुळे दिसलाच नाही याची उजळणी होते, आणि सकाळी सामान गाडीत भरून ‘जाता जाता’ दोन-तीन ठिकाणे उरकायचे ठरते. या ‘जाता जाता’ला माझा ठाम विरोध आहे. शेवटच्या दिवशी एकच जागा पाहावी, तीही शक्यतो आधी पाहिलेली, आणि दुपार कलायच्या आत घाट उतरायला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी पाहिलेली जागाच का, असे कोणीही विचारील. डोंगर दिवसभर सारखा दिसत नाही, हे त्याचे उत्तर आहे. रात्री थंड झालेली जड हवा उतारांवरून दरीत साचते, त्यामुळे पहाटे धुके बरेचदा खाली असते आणि माथे मोकळे असतात. ऊन चढू लागले की उतार तापतात, हवा वर सरकू लागते आणि तिच्याबरोबर दरीतले बाष्पही वर येऊन थंड होते. म्हणूनच सकाळी स्वच्छ दिसलेला सुळका दुपारी ढगात बुडालेला असतो. जो कडा आपण दुपारच्या गर्दीत, सपाट उन्हात पाहिला, तोच कोवळ्या तिरप्या उन्हात पाहिला तर त्याची प्रत्येक घळ आणि प्रत्येक धार सावलीमुळे उठून दिसते. घाईघाईत पाहिलेल्या तीन नव्या जागांपेक्षा हे एक दर्शन मला कितीतरी मोलाचे वाटते. शिवाय राहिलेल्या पॉइंटवर आपण पोहोचतो ते नेमके ढग चढण्याच्या वेळी.

खरा मुद्दा मात्र उताराचा आहे, आणि त्याविषयी सहलीच्या आखणीत कोणी बोलत नाही. चढताना इंजिनाचा कस लागतो, उतरताना ब्रेकचा. दीड टनाची गाडी १,००० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ४ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. चाळीसेक लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापवायला तेवढी ऊर्जा पुरते. गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून सारखा ब्रेक दाबत राहिले तर त्यातली बहुतेक उष्णता चाकांपाशी साठते, जळक्या लायनिंगचा उग्र वास येऊ लागतो आणि पुढच्या वळणावर पेडल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचवणाऱ्यांबद्दल तर मला चीड आहे, कारण ते इंजिनाचा आधारच काढून घेतात आणि त्याची जोखीम मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांना पत्करावी लागते.

आता यात शेवटच्या दिवसाची घाई मिसळून पाहा. ड्रायव्हर सूर्योदयासाठी पहाटे उठलेला, मग तीन पॉइंटच्या पार्किंगमध्ये ताटकळलेला, आणि उतरायला सुरुवात होते ती ऊन कलल्यावर. दरीत संध्याकाळ पंचांगातल्या सूर्यास्ताची वाट पाहत नाही. सूर्य समोरच्या धारेआड गेला की रस्ता सावलीत जातो आणि वळणापलीकडचा दगड दिसेनासा होतो.

सावकाश उतरण्याचा आनंद वेगळाच आहे आणि तो सहलीचाच भाग मानला पाहिजे. हजार मीटर उतरताना हवा साधारण साडेसहा अंशांनी उबदार होते, हे आकड्यात वाचण्यापेक्षा अंगावर अनुभवावे: आधी कानटोपी निघते, मग स्वेटर, मग काच खाली होते. खोडांवरचे शेवाळ विरळ होते, झाडांची जात बदलते आणि वरून रेघेसारखी दिसलेली नदी आवाजासह शेजारी येते. वर असताना घट्ट बंद केलेली पाण्याची अर्धी रिकामी बाटली खाली येईपर्यंत आपोआप चेपलेली असते, कारण समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब सपाटीच्या सुमारे चार पंचमांशच असतो. हाच वाढता दाब कानांना दडे बसवतो. उतरताना त्रास अधिक होतो, कारण कानातली हवा बाहेर पडते सहज, पण आत शिरायला तिला गिळण्याची किंवा जांभईची मदत लागते. मोठ्यांना हे कळते. तान्ह्या बाळाला फक्त दुखते, म्हणून उतारावर त्याला पाजत राहावे. ज्यांना गाडी लागते त्यांनी मोबाइल बाजूला ठेवून दूरच्या डोंगरावर नजर ठेवावी आणि त्यांच्यासाठी मध्येच थांबायला कुरकुर करू नये.

‘एवढ्या लांब आलो, पुन्हा कधी येणार?’ हा प्रश्न मला समजतो, विशेषतः वयस्कर माणसे तो विचारतात तेव्हा. त्यांच्या मनातली जागा शेवटच्या दिवसासाठी ठेवूच नये. ती पहिल्याच सकाळी, पाय ताजे आणि आकाश मोकळे असताना दाखवावी.