‘त्यापेक्षा एफडी बरी’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोसायटीने गच्चीवर सोलर बसवावं, या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: मुंबईत चार महिने पाऊस, लाइट गेली की सोलरही बंद, बिल्डिंग आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणार. त्यापेक्षा पैसे एफडीत ठेवले तर वाढतील तरी. रिडेव्हलपमेंटचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बाकीचं नाही, आणि का नाही ते नीट सांगते.

पावसाचं आधी. मुंबईत एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,३०० युनिट धरतात, ते पावसाळ्यातली घट धरूनच. शिवाय नेट मीटरिंगचा, म्हणजे ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) दिलेली वीज बिलातून वळती करण्याचा, हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात ग्रिडला गेलेले जादा युनिट खात्यावर जमा राहतात आणि जुलै-ऑगस्टच्या बिलातून वळते होतात. मार्चअखेर जे उरतात त्यांना मात्र फारच कमी दर मिळतो. म्हणून वापरापेक्षा मोठी सिस्टीम कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

लाइट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेली बिनबॅटरीची सिस्टीम बंद पडते, हे खरंच आहे. दुरुस्तीला आलेल्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती तशी केलेलीच असते. पण मुंबईत लाइट जाते किती वेळा? त्यासाठी बॅटरीचा खर्च करू नये, असंच माझं मत.

आता एफडी. तुम्ही हिशेब फ्लॅटच्या बिलाचा मांडलात, तिथेच आपली वाट वेगळी होते. चाळीस फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला तीन किलोवॅट द्यायचे तर बारा हजार चौरस फूट मोकळी गच्ची लागेल. एवढी गच्ची आणायची कुठून? पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची मशीन रूम यांनीच निम्मी जागा अडवलेली असते. सोलर शोभतं ते लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरला. हा मीटर महिन्याला पाचशे युनिट सहज ओलांडतो, त्यामुळे आधी वाचतात ते युनिट सगळ्यात महागड्या स्लॅबमधले असतात.

दहा किलोवॅट घ्या. उंच स्ट्रक्चरसकट किलोवॅटला ६५,००० रुपये धरले तर साडेसहा लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे खिशातून ४ लाख ७० हजार. १३,००० युनिट, हात आखडून आठ रुपयांनी धरले तरी वर्षाला १ लाख ४ हजार वाचतात. साडेचार वर्षांत मुद्दल वसूल. तेवढ्याच रकमेवर सात टक्क्यांनी एफडीचं व्याज वर्षाला ३३ हजारांच्या आत. एफडीत मुद्दल शाबूत राहतं, हे खरं. म्हणून दहा वर्षांचं बघा: एफडीचे चक्रवाढीने सव्वानऊ लाखांच्या आसपास होतात, इकडे वाचलेलेच दहा लाख चाळीस हजार, आणि ते दरवर्षी हातात येतात. त्यातून पॅनल धुण्याचा खर्च आणि मधे कधीतरी इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च वजा करा. पण वाचलेले पैसेही बँकेत ठेवता येतातच, आणि पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची असते. तुमच्या बिलावरून दर काढताना स्थिर आकार तेवढा बाजूला ठेवा, सोलर बसवल्याने तो सुटत नाही.

पंपाची वेळ बदलणं तर फुकटात होतं. बहुतेक ठिकाणी वॉचमन पहाटे पंप सुरू करतो. वरच्या टाकीत पाणी पुरत असेल तर तोच पंप अकरा ते तीनच्या दरम्यान चालवायला सांगा. गच्चीवरची वीज तिथल्या तिथे वापरली जाते.

रिडेव्हलपमेंटबद्दल मात्र तुमचंच बरोबर. ज्या सोसायटीत ७९ अ ची (सहकार कायद्यातल्या या कलमाखालची रिडेव्हलपमेंटची) प्रक्रिया सुरू झाली आहे किंवा सभेत बिल्डरांची नावं निघू लागली आहेत, तिथे सोलरचा ठराव आणूच नये. पॅनल काढून दुसरीकडे लावता येतात, पण स्ट्रक्चर, वायरिंग आणि मजुरी गेली ती गेलीच. स्ट्रक्चरल ऑडिट आणि वॉटरप्रूफिंग झाल्याशिवायही हात घालू नये. गळक्या गच्चीवर पॅनल बसले की गळती शोधायची कशी, हा वरच्या मजल्यावरच्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो.

तरी मला आपल्यापेक्षा शेजारच्या रिडेव्हलपमेंटची धास्ती जास्त वाटते. सर्व्हेला माणूस मे महिन्यात येतो. तेव्हा दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाशी, आणि गच्ची अगदी स्वच्छ दिसते. डिसेंबरात मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो. दक्षिणेला आपल्या गच्चीपेक्षा तीस मीटर उंच टॉवर उभा राहिला तर त्याची सावली साधारण सत्तावीस मीटर लांब पडते. आमच्याकडे डिसेंबरात दुपारी ती टाकीच्या चौथऱ्यापर्यंत येते, हे मी उभं राहून पाहिलंय. ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलला वेगळं चालू देणारं उपकरण) नसेल तर एका पॅनलवरची सावलीसुद्धा अख्ख्या रांगेची वीज खाली आणू शकते. तशी गच्ची असेल तर माझा हिशेब कोलमडतो आणि तुमची एफडी जिंकते.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी दोन गोष्टी बघा: कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं, आणि दक्षिणेकडच्या प्लॉटवर काय उभं राहतंय ते. दोन्ही कळवलंत तर तुमच्या बिल्डिंगचे आकडे मी इथेच मांडून दाखवते.