शनिवारची भाजी

शुक्रवारी संध्याकाळी बेलापूरहून ठाणे लोकल पकडली की आमचा डब्यातला ग्रुप खुशीत असतो. कुणी अलिबागला निघालेला, कुणी नुसतंच 'उद्या दहाशिवाय उठत नाही' म्हणणारा. मी हसतो, मान हलवतो. ऐरोली गेली की पोटात गोळा येतो.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. निर्णय आला त्या दिवशी सेक्शनमध्ये पेढे वाटले. रोज पाऊण तास जास्त बसायचं, पण सगळे शनिवार सुट्टी. आधी दुसरा आणि चौथाच असायचा. मी पेढा खाता खाता हिशोब केला: म्हणजे महिन्याला आणखी दोन शनिवार घरात.

आमच्याकडे भांडण होत नाही. झालं असतं तर बरं, असं कधीकधी वाटतं. आई माझ्याकडे बघून म्हणते, "अरे, हल्ली दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं तेच मला कळेनासं झालंय." बायको ओट्याशी, तीन फुटांवर. पाच मिनिटांनी ती मला म्हणते, "आईंना विचारा, आमटी चालेल ना, की परत तिखट होईल?" आई तिथेच लसूण सोलतेय. मी पोस्टमन. पाकीट उघडायचं नाही, फक्त पोचवायचं. मग हळूच पिशवी घेऊन सटकायचं.

जांभळी नाक्याला भाजी घ्यायची, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे, तलावपाळीला दोन फेऱ्या मारायच्या. अर्ध्या तासाच्या कामाला मी दोन तास लावतो. माझ्यासारखे आणखी असतात तिथे. भरलेल्या पिशव्या पायाशी ठेवून कट्ट्यावर बसलेले पन्नाशीचे पुरुष. कुणी कुणाला विचारत नाही.

रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले. जन्म इथला, ठाण्याचाच. १० जून १८९० ला गिरणी कामगारांना ती मिळाली. त्यांना काय तोंड दाखवणार? मी तर रविवारी मेगाब्लॉकची वाट बघतो. ठाणे-कल्याण ब्लॉक असला की डोंबिवलीला सासरी जायचं आपोआप टळतं, आणि 'माझ्या आईकडे जायची वेळ आली की यांना बरोबर ब्लॉक आठवतो' हे वाक्य मी मोबाईलमध्ये डोकं घालून ऐकतो.

इतकी वर्षं माझी समजूत अशी की दोघींच्या कात्रीत मी सापडलोय. गेल्या महिन्यात ताप आला म्हणून मंगळवारी घरी राहिलो. आतल्या खोलीत पडून होतो. दुपारी बाहेर मटार सोलणं चाललं होतं आणि दोघी हसत होत्या. मालिकेतल्या कुठल्याशा सासूला आई शिव्या देत होती, बायको तिला आणखी चढवत होती. मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

रात्री बायकोला विचारलं. ती चादर झटकता झटकता म्हणाली, "सोमवार ते शुक्रवार आम्ही बऱ्या असतो हो. शनिवारी तुम्ही घरात असता. मग दोघींनाही वाटतं, यांनी एकदा तरी सांगावं कुणाचं बरोबर ते."

"मी काय सांगणार?"

"तेच तर. तुम्ही पिशवी घेऊन निघून जाता."

मला राग आला, खरं सांगतो. दोन दिवस धुसफुसत होतो. एवढं सांभाळून घेतो आणि वर हे! पण सांभाळून घेतो म्हणजे नेमकं काय करतो, हे आठवायला बसलो तर एकही प्रसंग धड सांगता येईना. आईला म्हणतो 'मी बोलतो तिच्याशी', बायकोला म्हणतो 'मी बोलतो आईशी'. आणि बोलत कुणाशीच नाही.

आज शनिवार. हे तलावपाळीवरूनच टाइप करतोय. मघाशी आईचा फोन आला, "अळू आण, फतफतं करू." लगेच बायकोचा मेसेज: 'पालक आणा. अळू नको, मागच्या वेळी सगळ्यांचा घसा खाजला.' एरवी मी दोन्ही घेतो. बुधवारपर्यंत एक जुडी फ्रीजमध्ये पिवळी पडते, आणि ती कुणाची यावरून पुढचा शनिवार सुरू होतो.

भाजीवालीने दोन्ही जुड्या समोर धरल्यात. "काय देऊ, दादा?" तिसऱ्यांदा विचारतेय.

पालक घेतला. आता आईला फोन लावतो.