‘वाकडी, डुप्लिकेट डिस्क गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्हाला त्रास झाला आणि आमच्या काउंटरवरचा मुलगा चढ्या आवाजात बोलला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्याला समज दिली आहे. पण गाडीच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, वाकडी होती, माल डुप्लिकेट होता, असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, त्यावर गप्प बसवत नाही. रत्नागिरीत आमचं दुकान शब्दावर चालतं.

डिस्कची जोडी तुम्ही सीलबंद खोक्यातून नेलीत आणि घरीच बसवलीत. त्याला हरकत नाही, बरीच गिऱ्हाइकं बसवतात. महिन्याभराने ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं म्हणून आलात. शेजारच्या गॅरेजात चाक उतरवून तुमच्यासमोर डिस्कला डायल गेज, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मापयंत्र, लावला. काटा नाचत होता, खरं आहे. तुम्ही तेवढंच लिहिलंत. पुढचं का गाळलंत? डिस्क काढली तर आतल्या अंगाला, एकाच बाजूला, गंजाची तपकिरी चंद्रकोर उमटलेली होती. हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्या मधल्या भागावर बसतात त्यावरचा, गंजाचा पापुद्रा न काढताच डिस्क चढवली होती. आपल्या खाऱ्या हवेत हब गंजायचाच. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर मारून तो लख्ख केल्याशिवाय डिस्क सपाट बसत नाही, आणि हबवरचा केसाएवढा फरक डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होतो. मेकॅनिकने हब घासला, तीच डिस्क पुन्हा लावली, बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले. काटा जवळजवळ जागचा हलला नाही. डिस्क मुळातच वाकडी असती तर हब घासून ती सरळ झाली असती का?

थरथर पूर्ण गेली नाही, कारण महिनाभर तिरकी फिरल्याने डिस्क कुठे जास्त, कुठे कमी झिजली. ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. लावलेला माल कंपनी आमच्याकडून परत घेत नाही, तो तोटा छोट्या दुकानाने कुठून भरायचा? तरी लेथ मशीनवर डिस्क घासून सपाट करायच्या मजुरीतले अर्धे पैसे देतो म्हणालो होतो. ते पुरतं ऐकून न घेता तुम्ही निघून गेलात, याचं जास्त वाईट वाटलं.

डिस्कसोबत सूचनेची चिठ्ठी देता येईल का ते बघतोय. लेथचं कबूल केलेलं आजही कबूल आहे. डिस्कवर छापलेल्या कमीत कमी जाडीपेक्षा तुमच्या डिस्क अजून बऱ्याच जाड आहेत, हलका हात मारला तरी काम होईल. सोमवार सोडून कधीही या, फक्त दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. बिल तुमच्याकडे आहे, खोक्यावरचा नंबर त्याच्याशी ताडून बघा आणि कृपा करून ‘डुप्लिकेट’ एवढा शब्द तरी काढा.