मॉड्यूल आले म्हणून रसायनशास्त्र संपले का?

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार फिरत असतो. पेट स्कॅनसाठी (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी औषधाचा माग काढणाऱ्या तपासणीसाठी) लागणारी किरणोत्सारी औषधे आता मॉड्यूल नावाची यंत्रेच बनवतात, त्यामुळे रेडिओरसायनशास्त्रात, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांच्या रसायनशास्त्रात, पीएच.डी. करणाऱ्याला बटणे दाबण्यापलीकडे काम नसते. तो जन्मभर किरणोत्सर्ग झेलतो. आणि अणुभट्टी हाताशी नसेल तर त्याचे सगळेच अडते, असा त्या सल्ल्याचा आशय आहे.

सर्वांत मोठा गोंधळ पहिल्या मुद्द्यात आहे. पेटमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे एफडीजी हे ग्लुकोजसारखे औषध स्वयंचलित मॉड्यूलमध्ये तासाभराच्या आत तयार होते, हे खरेच आहे. परंतु मॉड्यूल जी कृती गिरवते, ती आधी कोणीतरी शोधलेली असते. फ्लुओरिन-१८ (किरणोत्सारी फ्लुओरिन) जोडलेले एफडीजी १९७६ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले, तेव्हा हाती येणारे उत्पादन तुटपुंजे होते. आज रूढ असलेल्या पद्धतीचा पाया जर्मनीतील युलिश येथे हामाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये घातला. सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना वेग देऊन किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रातून, हे फ्लुओरिन फ्लुओराइड आयनाच्या रूपात पाण्यात मिसळून येते आणि पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असेपर्यंत ते फारसे कशाशी अभिक्रिया करत नाही; त्याला त्या वेढ्यातून सोडवणे हेच खरे रसायनशास्त्र होते. ते एफडीजीपाशी संपले नाही. इलेक्ट्रॉनसमृद्ध बेंझीन वलयावर फ्लुओराइड सहजासहजी बसत नाही, आणि तांब्याच्या संयुगांच्या साहाय्याने ते बसवण्याच्या पद्धती २०१४ च्या सुमारास पुढे आल्या, म्हणजे मॉड्यूल रुग्णालयांत रुळल्यानंतर कितीतरी वर्षांनी. शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहेच. एक क्यूरी (किरणोत्सारिता मोजण्याचे एकक) फ्लुओरिन-१८ म्हणजे जेमतेम ०.६ नॅनोमोल पदार्थ. द्रावकातली नगण्य वाटणारी अशुद्धीदेखील त्याच्यापेक्षा जास्त भरू शकते, त्यामुळे काचेच्या चंबूत उत्तम चालणारी अभिक्रिया हॉट सेलमध्ये (शिशाने वेढलेल्या बंद कप्प्यात) चालेलच असे धरून चालता येत नाही. असे का होते, हे यंत्र सांगत नाही.

किरणोत्सर्गाची भीती अनाठायी नाही, पण तिचे वर्णन अतिरंजित आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गाशी संबंधित कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट, अशी मर्यादा घातली आहे. छातीवरचा टीएलडी बॅज (किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) आणि बोटातली तशीच अंगठी यांवर मात्रेची नोंद होते. फ्लुओरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्याने आज सकाळच्या साठ्यापैकी उद्या सकाळी साधारण नऊ हजारांतला एक भागच उरतो. काळजी घ्यावी लागते ती मुख्यतः हातांची, आणि ती शिसे, चिमटे व अंतर यांनी घेता येते.

अणुभट्टीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. इतर अनेक स्कॅनमध्ये वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एम ज्याच्या ऱ्हासातून मिळते, ते मोलिब्डेनम-९९ आजही प्रामुख्याने अणुभट्टीतून येते. परंतु फ्लुओरिन-१८ला सायक्लोट्रॉन लागतो, आणि भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. गॅलियम-६८ तर टेबलावर मावणाऱ्या जर्मेनियम-६८ जनरेटरमधून काढता येते. प्रोस्टेट कर्करोगाच्या पीएसएमए चाचणीसाठी (त्या पेशींवरील पीएसएमए हे प्रथिन शोधणाऱ्या पेट तपासणीसाठी) ते वापरले जाते.

खरी अडचण त्या सल्ल्यात आलेलीच नाही. सायक्लोट्रॉनचा वेळ आधी रुग्णांच्या औषधासाठी राखलेला असतो आणि उरलेला संशोधनाच्या वाट्याला येतो. अभिक्रिया फसल्यास त्याच द्रावणावर पुन्हा सुरुवात करण्याची सोय नसते, कारण चूक कुठे झाली हे शोधेपर्यंत फ्लुओरिन निम्म्यावर आलेले असते. म्हणून बरेच तपशील आधी किरणोत्सारी नसलेल्या फ्लुओरिनवर पारखून घ्यावे लागतात, आणि मग मिळालेल्या त्या एका सकाळी नॅनोमोलांच्या मात्रेत नेमके तेच घडेल याची मात्र खात्री नसते. पीएच.डी.चे वेळापत्रक आखताना विचारायचा प्रश्न हा आहे की, त्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला आठवड्यातून किती वेळा किरणोत्सारी फ्लुओराइड मिळते.